गणपतीला गावी जायचंय, बंड्याला कुठे ठेवायचं?

अवनी_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

यंदा घरच्या गणपतीची पाळी आमची आहे. राजापूर तालुक्यात सासरचं मूळ घर आहे. चार भावांची कुटुंबं आळीपाळीने उत्सव करतात, म्हणजे चार वर्षांनी एकदा सगळी जबाबदारी आमच्याकडे येते. गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन, भांडीकुंडी आवरून परत यायला आठ-नऊ दिवस सहज लागतील.

आजवर आम्ही गावी गेलो की सासूबाई डोंबिवलीत बंड्याजवळ थांबायच्या. गुडघे दुखतात असं सांगायच्या, पण खरं कारण बंड्या होता हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा मात्र त्यांना यायचंय, आणि त्यांनी यायलाच हवं.

बंड्या सहा वर्षांचा गावठी कुत्रा, वजन १९ किलो, नसबंदी झालेली. माणसांवर जीव टाकतो, पण दुसऱ्या कुत्र्यांशी जमायला वेळ लागतो. ढोल आणि फटाके ऐकले की थरथर कापतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही केरळला गेलो तेव्हा त्याला आठ दिवस एका बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. नाव लिहीत नाही. रोज संध्याकाळी फोटो यायचे, आम्ही निश्चिंत. परत आणायला गेले तर त्याचा आवाज पूर्ण बसलेला, भुंकून भुंकून. घरी येऊन पाण्याच्या भांड्यात तोंड घातलं ते भांडं रिकामं होईपर्यंत काढलं नाही. पट्टा सोडला तर मानेखालचे केस गेलेले, कातडी लालभडक. दिवसभर बांधून ठेवलं होतं, दुसरं काय! कानाच्या आत गोचिड्या होत्या. दोन दिवसांनी खोकला सुरू झाला. आणि चार दिवस तो पलंगाखालून बाहेर येईना. माझी नऊ वर्षांची मुलगी ताट घेऊन पलंगाखाली सरपटत जायची आणि तिथे बसून त्याला भरवायची.

तो अपराध अजून माझ्या मनातून गेलेला नाही. आता काय करू? सोबत न्यायचा? चांगलं बोर्डिंग शोधायचं? की घरी येऊन राहणारं कुणी बघायचं? तुम्ही काय करता, मोकळेपणी लिहा.

राजापुरी

घेऊन या की गावाला! अंगण आहे, पडवी आहे, धावायला जागा आहे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांपेक्षा त्याला तिथेच बरं वाटेल.

पाऊसवेडी

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त दिवाळीचा.

भटका_पक्षी

नेणार असाल तर रेल्वेचे नियम सांगतो. मी दोनदा लॅब्रडॉर घेऊन प्रवास केला आहे.

कुत्रा तुमच्याजवळ ठेवायचा तर फक्त एसी फर्स्टमध्ये, आणि तोही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमची असेल तरच. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. दुसरा मार्ग म्हणजे गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. दोन्हीसाठी पार्सल ऑफिसात कुत्र्याचं बुकिंग करावं लागतं. लसीकरणाचं कार्ड आणि पशुवैद्याचा फिटनेस दाखला जवळ ठेवा आणि गाडीच्या वेळेआधी काही तास जा.

डॉग बॉक्सबद्दल मनापासून सांगतो, नको. लोखंडी पेटी, शेजारी आदळणारं सामान, आणि पाणी पाजायचं तर स्टेशन आल्यावर आपणच धावत गार्डच्या डब्यापर्यंत जायचं. ढोलाला घाबरणारं जनावर त्यात रात्रभर कसं राहील? कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकात आधीच सावकाश धावतात. आणि एसी फर्स्टचे बर्थ मोजकेच असतात. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, गणपतीच्या दिवसांत तर बघता बघता संपतं. तिकीट मिळालं तरी कूपेच मिळेल याची खात्री चार्ट लागेपर्यंत नसते.

थोडक्यात, न्यायचा तर स्वतःच्या गाडीने न्या.

कोथरूडची_मावशी

अवनी, तुझी पोस्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. मी नऊ वर्षं माझ्या घरी कुत्री सांभाळते. एका वेळी सहाच्या वर घेत नाही, त्यातली दोन माझी स्वतःची. म्हणून आतून माहीत आहे ते लिहिते.

जागा बघायला न सांगता जा. सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा सगळं धुऊन झालेलं असायला हवं. दारातच लघवीचा उग्र वास आला तर तिथूनच परत फिर. फिनेलचा वास फार उग्र असेल तरीही विचार कर. मग विचार, रात्री इथे कोण झोपतं? या एका प्रश्नावर पुष्कळ लोक अडखळतात. दिवसा चार मुलं कामाला असतात आणि रात्री कुलूप लावून निघून जातात, अशी ठिकाणं मी पाहिली आहेत.

फाटक दुहेरी आहे का बघ. एक उघडलं की दुसरं बंद असलं पाहिजे. पळून जाणारी कुत्री माझ्या अनुभवात पहिल्या दोन दिवसांत पळतात, कारण त्यांना घर शोधायचं असतं. पट्ट्यावर फोन नंबरचा बिल्ला लावूनच पाठव.

आणि त्यांनी तुझ्याकडे लसीचं कार्ड मागितलं नाही, तर बाकीच्यांकडेही मागितलेलं नसतं. तो खोकला तिथूनच आला असणार.

मी नवीन कुत्रा सरळ आठ दिवसांसाठी घेतच नाही. आधी अर्धा दिवस, मग एक रात्र. तू परत आलीस, हे त्याने एकदा अनुभवलं की पुढचं सोपं जातं. सोबत एक जुनी चादर दे, पण न धुतलेली. घरचा वास हवा. खाणं घरचंच दे, तेवढ्याच मापाने. जागा बदलली आणि खाणंही बदललं की जुलाब ठरलेलेच.

मी दिवसाला ८०० रुपये घेते, सणासुदीलाही तेवढेच. पण यंदाच्या गणपतीला जागा नाही. रेल्वेचं रिझर्व्हेशन उघडलं की माझा फोन वाजायला लागतो.

घाटावरचा

एवढा व्याप कशाला? आमच्या सोसायटीचा वॉचमन दोन वेळा येऊन खायला घालतो, फिरवून आणतो. महिन्यातून एकदा आम्ही साताऱ्याला जातो, कधी अडचण आली नाही.

सईची_आई

@घाटावरचा, शनिवार-रविवारसाठी ठीक असेल. नऊ दिवस? दिवसातले बावीस-तेवीस तास एकटं, बंद घरात, बाहेर ढोल-ताशे? बिचाऱ्याने कुणाकडे बघायचं? शिवाय वॉचमनला सणात सुट्टी लागली, आजारी पडला, तर तुम्हाला कळणार कधी?

घाटावरचा

@सईची_आई, मुद्दा मान्य. आमचा थोरला आता तेरा वर्षांचा आहे, बहुतेक वेळ झोपूनच असतो. त्याच्यावरून मी सगळ्यांचा हिशेब केला. आणि वॉचमनचा भाऊही त्याच इमारतीत असतो, एक नाही तर दुसरा येतोच. ही सोय सगळ्यांकडे नसते.

मालवणी_झील

अवनीताय, गावाक जरूर येवा, पण कुत्र्याक रात्री भायर ठेव नको. बिबटो येता.

हे गमतीत लिहिलेलं नाही. आमच्या वाडीत दोन वर्षांत तीन कुत्रे बिबट्याने नेले, तिन्ही पडवीतून. एक तर साखळीला बांधलेला होता, त्याला पळताही आलं नाही. सकाळी आजीला साखळी आणि पट्टा तेवढा दिसला. गावातली कुत्री चाहूल लागली की चुलीपाशी येऊन बसतात. शहरातल्या कुत्र्याला ते कळत नाही, तो उलट भुंकत अंगावर जातो.

त्या दिवसांत भात उभं असतं, बांधावर गवत असतं, त्यात फुरसं आणि घोणस. शहरातला कुत्रा नवीन काही दिसलं की नाक घालतो. नेलाच तर बारा महिने तेरा काळ दोरीवर.

राजापुरी

झीलचं बरोबर आहे. माझा सल्ला दिवसापुरता होता. आम्ही आमचा कुत्रा रात्री माजघरात घेतो, हे लिहायचं राहिलं.

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं काढली, आता ठाण्यात असतो. काही गोष्टी वेळेआधी करायच्या असतात म्हणून लगेच लिहितो.

पावसाळ्यात कोकणात नेणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसची लस. उंदरांच्या मुतातून तो रोग पाण्यात आणि चिखलात उतरतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही. वार्षिक एकत्रित लशीत तो भाग असतो, पण कार्ड बघून खात्री करा. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे तयारी किमान सहा आठवडे आधी. आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. रेबीजची लस चालू असायलाच हवी. गावातल्या कुत्र्यांशी भांडण झालं आणि चावा बसला, तर लस घेतलेली असली तरी जखम साबणाने भरपूर धुऊन लगेच डॉक्टर गाठायचा.

बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल तर केनेल कफची लस. ही बहुधा नाकात थेंबांनी देतात. अवनीताईंनी वर्णन केलेला खोकला तोच वाटतो, घशात हाड अडकल्यासारखा. बहुतेक कुत्री एक ते तीन आठवड्यांत बरी होतात.

गोचिडीचं मला जास्त भय वाटतं. गोचिडीताप चावल्यानंतर एक-दोन, कधी तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर माणूस सहल विसरलेला असतो. हिरड्या पांढुरक्या पडणं, नाकातून रक्त, जेवण टाकणं, यातलं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या. गोचिडीची गोळी जाण्याआधी देता येते, पण कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळ्यांतल्या एका गटाने काही कुत्र्यांना झटके येतात.

आता गणपतीपुरतं. पंचखाद्याची खिरापत कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका. खोबरं, खारीक राहू द्या, त्यातले बेदाणे घातक आहेत. काही कुत्र्यांची किडनी थोड्याशा बेदाण्यांनीही निकामी होते, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. घरात पंचवीस माणसं असली की कुणीतरी प्रेमाने हातावर ठेवतंच. म्हणून घरातल्या लहान मुलांना आधी समजावून सांगा, मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा नीट पाळतात.

माणसांची क्रोसिन, ब्रुफेन देऊ नका. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. काही गोळ्यांनी कुत्रं नुसतं सुस्त पडतं, भीती आत तशीच राहते. भीतीवर चांगली औषधं आहेत, पण ती आधी घरी एकदा देऊन बघावी लागतात.

आणि कुणाच्याही ताब्यात देताना एक चिठ्ठी लिहून द्या. डॉक्टरचं नाव-पत्ता, कुठवर खर्च न विचारता करायचा तो आकडा, आणि फोन लागला नाही तर निर्णय कुणी घ्यायचा. कोकणात पावसात रेंज जाते. माझ्याकडे एकदा पोट फुगलेला कुत्रा आला होता. मालक बोटीवर होते, सांभाळणारा मुलगा ऑपरेशनला हो म्हणायला घाबरत होता. त्यात तास गेला. कुत्रा वाचला नाही. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

पाऊसवेडी

डॉक्टर, बेदाण्यांचं मला आजवर माहीतच नव्हतं! आमच्या राणीला दर दिवाळीत बेसनाचा लाडू मिळतो आणि त्यावर बेदाणा असतोच. आता एकही नाही.

मांजरवाली_माया

अवांतर आहे, पण मांजरांचं बरं असतं. त्यांना घर सोडवत नाही, माणसं गेली तरी चालतात. आमची चिंगी शेजारच्या काकूंकडून दोन वेळा खाते आणि आम्ही आलो की आमच्याकडे पाठ करून बसते. एक दिवस रुसवा, दुसऱ्या दिवशी मांडीवर.

सईची_आई

माया, रुसवा म्हणजे तिलाही कळतंच की. :)

मांजरवाली_माया

कळतं गं, सगळं कळतं. म्हणून मी येताना तिच्यासाठी सुके बोंबील आणते. रुसवा अर्ध्या दिवसावर येतो.

लंडनजवळचा

इंग्लंडमधली पद्धत सांगतो, तुलनेसाठी. इथे २०१८च्या नियमांनुसार पैसे घेऊन दुसऱ्यांचे कुत्रे सांभाळायचे, अगदी स्वतःच्या घरात जरी, तरी नगरपालिकेचा परवाना लागतो. तपासनीस येऊन बघतो आणि एक ते पाच तारे देतो. तो परवाना लावलेला दिसला पाहिजे. त्यामुळे निवड सोपी जाते.

इथे दुसरी एक चाल मला फार आवडते. माणसं तुमच्या घरी राहायला येतात, कुत्रा-मांजर सांभाळतात, पैसे घेत नाहीत. त्यांना राहायला घर मिळतं, तुम्हाला निश्चिंती. आमच्या म्हाताऱ्या स्पॅनियलला आम्ही त्या दिवसापासून कुठे हलवलेलंच नाही. त्याचा कोपरा, त्याचा रस्ता, त्याच्या फिरण्याच्या वेळा, सगळं तसंच राहतं. फक्त माणूस बदलतो.

अवनी_डोंबिवली

एवढं भरभरून लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. सगळं यजमानांना वाचून दाखवलं. झीलदादांची साखळीची गोष्ट ऐकून सासूबाई म्हणाल्या, "त्याला गावाला नेणार असाल तर मी येत नाही."

नेण्यात दुसरीही अडचण आहे. माझ्या चुलत जाऊबाई गावीच असतात, वर्षभर त्या घर सांभाळतात. त्यांचं म्हणणं, देवाच्या दिवसांत कुत्रं माजघरात नको. नैवेद्य सोवळ्यात होतो. आणि रात्री पडवीत ठेवायचा नाही हे आता पक्कं झालं. मग राहिलं काय?

शंख_शिंपले

सोवळ्याचं काय घेऊन बसलात? दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि आपण त्यांना वेद म्हणून नमस्कार करतो. खंडोबाबरोबरही कुत्रा असतोच. देवाला चालतो आणि जाऊबाईंना चालत नाही?

जुनी_पिढी

शंख_शिंपले, तुमची भावना कळते, पण मी जाऊबाईंच्या बाजूने बोलेन. मी स्वतः तीस वर्षं अशाच घरात नैवेद्य रांधला आहे. ओल्या पावसात, चुलीच्या धुरात, वीस-पंचवीस पानं उठवायची असतात. त्यात ओलं कुत्रं पायात आलं तर उकडीचं भांडं हातातून पडायला वेळ लागत नाही. देवाचं नाव घेतलं जातं, पण पुष्कळदा ती रांधणाऱ्या बाईची अडचण असते. वर्षभर घर राखणाऱ्या माणसाचा शब्द चार दिवस मानावा.

शंख_शिंपले

काकू, हे मी या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. माझे शब्द मागे घेतो. अवनीताई, जाऊबाईंना माझ्याकडून नमस्कार सांगा.

सईची_आई

अवनी, लंडनच्या दादांनी लिहिलंय ते डोंबिवलीत का नाही होणार? बंड्याला आवडणारं, ओळखीचं कुणी तुमच्या घरी येऊन राहू शकेल का? पैसे देऊनच म्हणते मी. नात्यातलं नको, मैत्रीतलंही नाही झालं तरी चालेल. बंड्या कुणाला बघून शेपूट हलवतो ते बघ आणि तिथून सुरुवात कर.

कोथरूडची_मावशी

सईच्या आईचं अगदी मनातलं. माझा धंदा बोर्डिंगचा असला तरी सांगते, दुसऱ्या कुत्र्यांशी न जमणारा, आवाजाला भिणारा कुत्रा स्वतःच्या घरातच सगळ्यांत शांत राहतो. फक्त येणारं माणूस रात्रीही तिथेच राहायला हवं.

खमंग_काकडी

आमच्या सोसायटीत हेही सोपं नाही. भावाने घरी सांभाळणारी मुलगी ठेवली तर सेक्रेटरी म्हणाले, बाहेरची व्यक्ती आणि कुत्रा लिफ्टने जाणार नाही.

भटका_पक्षी

@खमंग_काकडी, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना छापून त्यांना द्या. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारू नये असं त्यात आहे. तरी जाण्याआधी सेक्रेटरींना भेटून त्या मुलीची ओळख करून द्या. कागदापेक्षा ओळख जास्त कामी येते.

अवनी_डोंबिवली

मंडळी, सापडलं! सईची आई, तुमचे किती आभार मानू?

तुमची पोस्ट वाचल्यावर दोन दिवस मी नुसती बंड्याची शेपूट बघत होते. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते, तिघी मिळून एका खोलीत. राज्यसेवेचा अभ्यास करते. पहाटे साडेपाचला अभ्यासिकेत जाताना जिन्यात बंड्या भेटला की खाली बसून त्याच्या कानामागे खाजवते. तो तिच्या पावलांचा आवाज ओळखतो, दाराशी जाऊन उभा राहतो. आणि ही गोष्ट सहा महिने माझ्या डोळ्यांसमोर होती.

विचारलं. ती म्हणाली, "काकू, नऊ दिवस शांत घर? मी पैसे घेणार नाही." शेवटी सासूबाईंनी दटावून ६,००० रुपये घ्यायला लावले, शिवाय डबा शेजारच्या वहिनी देणार. गेल्या शनिवारी आम्ही मुद्दाम बहिणीकडे राहायला गेलो, ती आमच्याकडे राहिली. रविवारी दुपारी आलो तर बंड्या तिच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकून झोपलेला. आम्हाला बघून उठला, भेटला, आणि परत तिथेच जाऊन पडला. सासूबाईंना थोडं लागलं ते. मग हसल्या.

आता डॉक्टर, एकच राहिलं. विसर्जनाचे ढोल.

गुरांचा_डॉक्टर

छान बातमी. दीड दिवस, पाचवा, सातवा आणि अनंत चतुर्दशी, हे चार दिवस तिला लिहून द्या. त्या दिवशी शेवटचं फिरणं दुपारी चारच्या आत उरकायचं, कारण ढोल सुरू झाल्यावर बाहेर नेलेला कुत्रा दोरी तोडून पळतो. मधली खोली, खिडक्या-पडदे बंद, पंखा जोरात, टीव्ही चालू. तो बाथरूममध्ये जाऊन बसला तर बसू द्या, ओढून काढू नका. जवळ बसलं, हात ठेवला तर भीती वाढते हा समज चुकीचा आहे. खुशाल जवळ घ्या. भीतीच्या औषधासाठी दोन आठवडे आधी तुमच्या डॉक्टरकडे नेऊन दाखवा आणि एकदा साध्या दिवशी देऊन बघा.

मालवणी_झील

बरा झाला. आता राजापूरचो गणपती निवांत करा.

अवनी_डोंबिवली

धागा वर काढतेय. काल रात्री परत आलो.

सहा दिवस सगळं सुरळीत होतं. सातव्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीतून तीन मिरवणुका गेल्या. औषध दिलं होतं, पंखा, टीव्ही, सगळं केलं होतं. तरी बंड्या बाथरूममध्ये शिरला आणि बादलीमागे अंग चोरून बसला. ती पोरगी पाट घेऊन आत गेली, दाराला पाठ लावून बसली आणि राज्यघटनेचं पुस्तक मोठ्याने वाचायला लागली. दीड तास. मूलभूत हक्क संपले, मार्गदर्शक तत्त्वं सुरू झाली तेव्हा त्याने तिच्या पायावर हनुवटी ठेवली म्हणे. हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं नाही, आम्ही आरतीच्या गडबडीत काळजी करू म्हणून. काल चहा पिताना सांगितलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. दार उघडताच बंड्या सरळ सासूबाईंकडे गेला. त्यांच्या पदराला चुलीचा धूर, हळदीची पानं, ओला पाऊस, सगळ्याचा वास होता. त्याने पदर टोकापासून खांद्यापर्यंत हुंगून काढला, मग एकदा शिंकला आणि त्यांच्या पायावर बसला. पलंगाखाली गेला नाही.

जाऊबाईंनी त्याच्यासाठी घरच्या तांदळाची पिशवी दिली आहे. म्हणाल्या, भात आवडतो ना त्याला, मग हा जुना तांदूळ घाल, पचायला हलका.

सईची_आई

बाथरूमचं वाचून मी रडले. त्या मुलीला माझ्याकडून परीक्षेसाठी खूप शुभेच्छा दे.

पाऊसवेडी

अवनी, ती दिवाळीत मोकळी आहे का? आम्हीही डोंबिवलीतच आहोत, पश्चिमेला.

अवनी_डोंबिवली

दिवाळीत ती घरी जातेय, नगरला. पण तिच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला कुत्री आवडतात आणि ती इथेच आहे. तुला व्यक्तिगत निरोप पाठवते. मात्र आधी राणीला घेऊन ये, दोघींना एकमेकींना बघू दे. फटाके सुरू व्हायच्या आधी, याच रविवारी ये.